वेलचीच्या नावाखाली पोरांना काय दाखवता?

क्रिकेटचा सामना चालू असताना दोन षटकांच्या मध्ये जी जाहिरात लागते ती नेमकी कशाची, हे घरातल्या सहा-सात वर्षांच्या पोराला एकदा विचारून बघा. पडद्यावर मोठा नट येतो, महागडी मोटार येते, मागे वाजंत्री वाजते, आणि शेवटी एक चकचकीत पुडी झळकते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'वेलची' असे लिहिलेले असते. पोरगं वेलची म्हणत नाही. ते त्या पुडीचं नाव घेतं. आणि ते नाव खरं कशाचं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कारण तीच पुडी त्याने चुलत्याच्या खिशात, एस.टी. स्टँडवर आणि शाळेच्या भिंतीशी पडलेली पाहिलेली असते.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे, शिक्षण कृषी पदविका. बी-बियाणे, खते, औषधे, पीक पाहणी हे माझे काम. परंतु आमचे काम कार्यालयात थोडे आणि लोकांच्या ओसरीवर जास्त चालते. संध्याकाळी सातनंतर गावात गेले की शेतकरी घरी सापडतो, आणि सापडतो तो टीव्हीसमोर. त्याच्याशी हरभऱ्याच्या घाटेअळीविषयी बोलता बोलता अर्धे डोळे पडद्याकडे जातात, त्याचेही आणि माझेही. मांडीवर नातू असतो. अशा शेकडो संध्याकाळी पाहून जे दिसले ते लिहितो आहे.

शहरातली मंडळी म्हणतात, मुलांना वेगळा चॅनेल लावून द्या. खेड्यातले घर कसे असते हे त्यांना माहीत नसावे. दोन खोल्या, एक टीव्ही, छपरावर फ्री डिशची छत्री. आजोबा सामना बघतात, आई मालिका बघते, तरण्या पोराला हाणामारीचे हिंदी पिक्चर लागतात, आणि चार वर्षांचे लेकरू या सगळ्यांच्या मध्ये बसून सगळेच बघते. त्याच्यासाठी वेगळा कार्यक्रम नाही, वेगळी वेळ नाही. त्यामुळे 'ही जाहिरात मोठ्यांसाठी आहे' हे म्हणणे कागदावर ठीक. आमच्याकडे प्रत्येक जाहिरात लहान मुलांसाठीच असते.

शिवाय मोठ्या माणसाचे आणि मुलाचे पाहणे एकसारखे नसते. जाहिरात लागली की म्हातारा तंबाखूची चंची काढतो, बाई चुलीकडे जाते. त्यांच्या दृष्टीने ती मधली सुट्टी. मुलाचे उलटे आहे. सामन्यात त्याला फारसे कळत नाही, जाहिरातीत मात्र गाणे असते, रंग असतात, अर्ध्या मिनिटात गोष्ट संपते. ते तिथेच खरे टक लावून बघते. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला समोरचा माणूस आपल्याला काही विकतो आहे, हे नीट उमगत नाही, ही बालमानसशास्त्रात सर्वमान्य झालेली गोष्ट आहे. त्याला वाटते, तो नट खरेच सांगतो आहे. म्हणून तर स्वीडनने १९९१ पासून बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायलाच मनाई केली, आणि कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांखालील मुलांसाठी असाच कायदा १९८० पासून आहे. आपण त्यांची नक्कल करावी असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे कायदे आहेत, आणि ते वाचले तर चांगलेच आहेत. रडगाणे आहे ते पुढचे.

आता वेलचीकडे येऊ. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी पहिल्यांदा २००२ मध्ये आली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती बंदी टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षेचे नवे नियम आले. खाण्याच्या पदार्थात तंबाखू व निकोटीन घालायचे नाही असे २०११ च्या नियमांत स्पष्ट लिहिले गेले, आणि जुलै २०१२ मध्ये आपल्या राज्याने पुन्हा बंदी घातली. नुसत्या गुटख्यावर नव्हे, पानमसाल्यावरही. पाठोपाठ सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही त्यात आली. दरवर्षी या बंदीची मुदत वाढवली जाते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात पानमसाल्याची पुडी विकणे हा गुन्हा आहे, आणि त्याच पुडीचे नाव मात्र आपल्या घरात दिवसातून पन्नास वेळा वाजतगाजत येते. मधे फक्त वेलचीचा पडदा.

मी मुद्दाम एक उद्योग केला. गेल्या वर्षभरात फिरतीवर ज्या ज्या गावात चहाला थांबलो, तिथल्या किराणा दुकानात आणि टपरीवर त्या टीव्हीवरच्या नावाची वेलची मागितली. पंधरा-वीस ठिकाणी तरी मागितली असेल. एका टपरीवाल्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाला, "साहेब, वेलचीच पायजे का मसाला पायजे?" दुसरा सरळ हसला. तिसऱ्याने किराण्याच्या बरणीतून सुटे वेलदोडे काढून पुढ्यात ठेवले, बिचारा! त्या नावाची वेलचीची पुडी मला एकाही ठिकाणी मिळाली नाही. मसाला मात्र 'आतून' मिळेल असे चौघा-पाच जणांनी सांगितले. जो माल विकायला दुकानात ठेवलेलाच नाही, त्याच्या जाहिरातीवर कोण शहाणा पैसे घालवील? शेतकऱ्याला एवढा हिशेब कळतो. मिरची पिकवणारा माणूस वांग्याचा फलक लावून बाजारात बसत नाही.

गंमत म्हणजे हा प्रश्न सरकारी नियमातही विचारलेला आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मधला सातवा नियम जाहिरातींचा. तंबाखू, दारू व इतर मादक पदार्थ यांची प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात चालणार नाही, असे त्यात आहे. २००९ मध्ये त्याला एक पुस्ती जोडली. दारू-तंबाखूच्या नावाचाच दुसरा माल असेल तर त्याची जाहिरात करता येईल, पण अटी आहेत: जाहिरातीत तोच माल दिसला पाहिजे, बंदीच्या मालाकडे कसलाही इशारा नको, त्या मालाचे ठरावीक रंग नि मांडणी नको, आणि तो दुसरा माल पुरेशा प्रमाणात बाजारात मिळतो, त्यावरचा जाहिरातखर्च विक्रीच्या मानाने अवाजवी नाही, असा सनदी लेखापालाचा दाखला हवा. सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र हवे ते वेगळेच. अट किती बरोबर घातली आहे बघा! पण लिहिणाऱ्याने 'तंबाखू-दारूच्या नावाचा माल' असे लिहिले, आणि पानमसालावाले म्हणतात आमच्या मसाल्यात तंबाखू नाहीच. पुडीशेजारी त्याच रंगाची तंबाखूची छोटी पुडी वेगळी लटकलेली असते, घेणारा दोन्ही फोडून एकत्र मळतो. हे ज्याला माहीत नाही असा एकही इसम मला तालुक्यात भेटलेला नाही.

त्याच सातव्या नियमात मुलांविषयी वेगळे कलम आहे. मुलांची सुरक्षितता धोक्यात येईल किंवा अपायकारक सवयींबद्दल त्यांच्या मनात ओढ निर्माण होईल अशी जाहिरात दाखवायची नाही, असा त्याचा आशय. माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो. वेलची खरी की खोटी, तंबाखू आत की बाहेर, ही वकिलांची कामे. पाच वर्षांचे पोरगे खाऊच्या पैशातून सुगंधित सुपारी घेऊन त्या नटासारखी मान वाकडी करत असेल, तर ओढ निर्माण झाली की नाही? असे पोरगे मी पाहिले आहे. अंगणवाडीच्या दारात उभे होते. सेविकाताईंनी कान पिरगळला, पण तिथे हसणाऱ्या चार मोठ्या माणसांना त्यात कौतुकच वाटले.

आता माझ्या धंद्यातले सांगतो, म्हणजे गोष्ट उघड होईल. एंडोसल्फान हे औषध शेतकऱ्यांना आठवत असेल. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. समजा उद्या एखाद्या कंपनीने त्याच नावाने, त्याच रंगाच्या बाटलीत निंबोळी अर्क काढला, गावोगाव फलक लावले, आणि दुकानात गेल्यावर निंबोळी अर्क नाहीच, आतून जुनीच बाटली निघाली; तर आम्ही काय करू? नमुना घेऊ, साठा सील करू, परवाना निलंबित करायचा प्रस्ताव पाठवू, पोलिसांत तक्रार देऊ. आणि आम्ही हे केले नाही तर हेच वर्तमानपत्र आमच्या नावाने चौकट छापेल, नि ते योग्यच होईल. पिकावरच्या औषधाला जो न्याय, तो पोरांच्या तोंडात जाणाऱ्या पुडीला का नसावा?

केशराचेही तसेच. काही पुड्यांच्या जाहिरातीत केशराचा असा काही थाट असतो की जणू काश्मीरचा सगळा मळा त्या पुडीत उतरला आहे. मी शेतीचा माणूस, म्हणून हिशेब मांडतो. केशर म्हणजे फुलातल्या तीन तांबड्या काड्या. एका फुलात तीनच. वाळवल्यावर एक ग्रॅम केशर व्हायला साधारण दीडशे फुले लागतात, पंपोरच्या बाया ती पहाटे उठून हाताने खुडतात. भाव किलोला तीन लाख रुपये धरा, यापेक्षाही जास्त असतो. पुडी पाच रुपयांची. त्या पाचच्या पाच रुपयांचे केशरच घातले, सुपारी फुकट, पुडीचा कागद फुकट, दुकानदाराचे कमिशन शून्य आणि नटाचे कोट्यवधी रुपये शून्य धरले, तरी सोळा-सतरा मिलिग्रॅम केशर येते. म्हणजे अडीच फुले! आता यातून सुपारी, कागद, दुकानदार, कर आणि नट वजा करा. मार्च २०२५ मध्ये जयपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाने असल्याच केशराच्या दाव्यावरून नामवंत नटांना आणि उत्पादकाला नोटीस काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुढचे काय ते न्यायालयात होईल. पण हा गुणाकार-भागाकार चौथीतल्या मुलालाही जमतो. गुरुजींनी फळ्यावर जरूर घालावा.

सुपारीविषयी थोडे. कोकणातले आमचे बागायतदार बंधू हे वाचून रागावतील. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा मला अभिमान आहे, आणि पूजेच्या ताटात किंवा लग्नाच्या बैठकीत सुपारीशिवाय आपले पान हलत नाही हेही खरे. पण खोटे बोलता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारी ही माणसाला कर्करोग करणारी आहे असे ठरवले. तंबाखू नसली तरी. रोज चघळणाऱ्याच्या गालाचे आतले कातडे कडक होत जाते, तोंड उघडेनासे होते, तिखट लागले की आग होते. आपली तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, ही साधी परीक्षा दाताचे डॉक्टर सांगतात. एका माध्यमिक शाळेतल्या तपासणी शिबिरात मी सहज उभा होतो. दहावीतला एक मुलगा, अंगाने धडधाकट, कबड्डी खेळणारा. त्याची दोनच बोटे जात होती. डॉक्टरांनी विचारले, कधीपासून खातोस? तो म्हणाला, "तंबाखू न्हाई खात सर, नुसता मसाला." चौथीत असल्यापासून.

'नुसता मसाला' हे त्याला कुणी शिकवले? बापाने नाही. बाप माळकरी.

नटांची गोष्ट काढली की लोक म्हणतात, त्यांचा तो धंदा आहे. धंदा आहे खरा, पण धंद्यातही माणसाला मागे फिरता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन यांनी एका पानमसाल्याच्या नावाची जाहिरात सोडली. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनी लोकांची टीका झाल्यावर वेलचीच्या जाहिरातीतून अंग काढून घेतले आणि चाहत्यांची माफी मागितली. सचिन तेंडुलकर यांनी तर तंबाखूची जाहिरात करणार नाही असा शब्द वडिलांना दिला होता असे स्वतः सांगितले आहे. राज्य सरकारच्या मुखआरोग्याच्या मोहिमेला २०२३ मध्ये त्यांनी नाव दिले. त्याच तेंडुलकरांच्या घरासमोर ऑगस्ट २०२३ मध्ये आमदार बच्चू कडू ऑनलाइन खेळाच्या जाहिरातीवरून आंदोलनाला बसले होते, हेही विसरता येणार नाही. संघ बनवा, पैसे लावा, कोटी जिंका, अशा जाहिरातींनी आयपीएलचे काही हंगाम नुसते भरून गेले होते. कापसाचे पैसे त्यात घालून बसलेली तरणी पोरे मला ठाऊक आहेत. आणि सातवीतली मुले आजोबांच्या मोबाइलवर संघ बनवत होती.

त्या जाहिराती आता दिसत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा केला, आणि काही दिवसांत पडदा साफ झाला. क्रिकेट बंद पडले का? नाही. वाहिन्या बंद पडल्या का? नाही. भारतीय संघाच्या अंगावरचा सदरा बदलला, एवढेच. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण 'जाहिराती नसतील तर सामने फुकट कसे दिसतील' हा युक्तिवाद आपल्याकडे पारावर बसूनही केला जातो. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि दारूच्या आडवाटेच्या जाहिराती बंद करा असे कळवले होते. पत्र लिहिले. कायदा केला असता तर तीन दिवसांत काम झाले असते.

खाण्यापिण्याच्या इतर जाहिरातींबद्दल माझे मत इतके कडक नाही. बिस्किट खाऊन कुणी मरत नाही. पण शेतकऱ्याच्या घरात जे उलटे चालले आहे ते बघवत नाही. म्हशीचे दूध सकाळी सहाला किटलीतून डेअरीला जाते, आणि त्याच घरातले पोर दूध नको म्हणते, कारण त्याला दुधात डब्यातली पूड हवी. पूड घातली की उंची वाढते, मेंदू चालतो, धावण्याच्या शर्यतीत पहिला नंबर येतो, असे त्याने पाहिले आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले की बोर्नव्हिटासह असली पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. म्हणजे इतकी वर्षे आयाबायांनी दुधाचे पैसे डब्यात घातले ते कशासाठी? डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचावीत, साखर किती ते लिहिलेले असते.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष होते. आमच्या खात्याने गावोगाव ज्वारी-बाजरी-नाचणीचे कार्यक्रम घेतले, मीही शाळाशाळांतून बोललो. नाचणीचे लाडू वाटले, पोरांनी खाल्ले, टाळ्या वाजवल्या. नंतर तिसरीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ह्याची टीव्हीवर का येत न्हाई?" काय उत्तर देणार? नाचणीला नट परवडत नाही. आमच्याकडे बचत गटाच्या बाया नाचणीची बिस्किटे करतात, त्यांची जाहिरात म्हणजे पंचायत समितीच्या आवारातले टेबल. समोर पाच रुपयांची तळलेल्या चकत्यांची पुडी, जिच्या वजनाने भागाकार केला तर बटाटा तीन-चारशे रुपये किलोने पडतो. बटाटा पिकवणाऱ्याला काय भाव मिळतो ते मी इथे सांगत नाही, त्याला माहीत आहे.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. चिप्स, फसफसणारी पेये असल्या वस्तूंची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा मुलांच्या वाहिनीवर करू नये, असे त्यात आहे. बंदीच्या मालाची दुसऱ्या नावाआडून जाहिरात नको हेही आहे. दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केले तर पन्नास लाखांपर्यंत. दहा लाख म्हणजे आमच्या एका मजुराची आयुष्याची कमाई. सामन्यात अर्ध्या मिनिटाला लाखो रुपये मोजणाऱ्याला ती पानसुपारी.

जाता जाता आमच्या घरचे. कीटकनाशकांच्या नि टॉनिकांच्या जाहिरातीत हसतमुख शेतकरी असतो, पांढराशुभ्र सदरा, हातमोजे नाहीत, तोंडाला फडके नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. लहान मूल बापाला फवारताना बघते आणि टीव्हीवरही तसेच बघते. मग रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्याचा खेळ सुरू होतो. या जाहिरातींतल्या प्रत्येक माणसाच्या तोंडावर मुखवटा आणि हातात मोजे दिसलेच पाहिजेत. कृषी खात्याचा माणूस म्हणून हे मी सांगतोच.

"साहेब, हे सगळं आईबापानं बघायचं," असे मला एका सरपंचांनी सुनावले. निम्मे बरोबर आहे. तंबाखूची पुडी आणायला पोराला टपरीवर पिटाळणारा बाप मी रोज बघतो. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणे हे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बापाला हे सांगायला हवेच. पण बाप दिवसभर रानात, आई खुरपणीला. संध्याकाळी दोघे थकून बसल्यावर हातात रिमोट घेऊन दर तीन मिनिटांनी आवाज बंद करा म्हणायचे? त्या पुडीच्या मागे कोट्यवधींची जाहिरात आहे, आईबापाच्या मागे काही नाही. आणि कितीतरी घरांत बाप उसाच्या टोळीबरोबर सहा महिने परजिल्ह्यात. पोरे आजीजवळ. आजीला मोतीबिंदू.

माझे म्हणणे थोडक्यात असे की पानमसाला, वेलची, सोडा, संगीताच्या सीड्या अशा नावांखाली चालणाऱ्या जाहिराती वेळ ठरवून रात्री दहानंतर ढकलण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात जो माल बंद, त्याचे नावच महाराष्ट्रात दिसता कामा नये. वाहिनी देशभर एकच असते, एका राज्यापुरते कसे करायचे, अशी अडचण कुणी सांगेल. मग देशभर करा. ऑनलाइन खेळाचे केले ना?

तोपर्यंत जिल्ह्यात करण्याजोगे एक काम आहे. केबलवरच्या वाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हास्तरीय संनियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, पोलीस अधीक्षक सदस्य, जिल्हा माहिती अधिकारी त्यात असतात, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधीही असतो. लोकांनी तक्रार करावी यासाठीच ती नेमलेली आहे. मी दहा-बारा ग्रामपंचायतींत विचारले, एकालाही तिचे नाव माहीत नव्हते. येत्या ग्रामसभेत महिलांनी विषय घ्यावा, कोणत्या वाहिनीवर, कोणत्या तारखेला, किती वाजता कोणती जाहिरात लागली ते वहीत टिपून ठरावासोबत जोडावे. चौथी-पाचवीतली पोरे हे टिपण हौसेने करतील, त्यांना सगळ्या जाहिराती पाठ आहेत. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे, फोन फुकट लागतो. ठराव मात्र पंचायत समितीत माझ्या टेबलावर आणून ठेवू नका. तो जिल्हाधिकारी कार्यालयात आवक शाखेत द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.